अर्जातली पिवळी मुलगी

१

"बाई, मी पिवळी दिसते का तुम्हाला? नीट बघा आणि सांगा. पिवळी?"

शुक्रवारी सकाळी पावणेनऊला दोना इल्देचींच्या खोलीचं दार धाडकन उघडलं आणि हा प्रश्न त्यांच्या टेबलावर येऊन आदळला. पाठोपाठ एक पोरगी आत आली. एकोणीस-वीस वर्षांची, डोक्यावर बारीक वेण्यांचा घट्ट भारा, रंगानं काळी. सावळी नाही, निमगोरी नाही, चांगली ठसठशीत काळी.

दोना इल्देची स्वतः काळ्या, वय अठ्ठावन्न, आणि विद्यापीठात सत्तावीस वर्षं झालेली. आता जिन्याखालच्या या खोलीत त्या तक्रार अधिकारी म्हणून बसत. म्हणजे वरचे लोक खातात आणि खरकटं आपल्याकडे पाठवतात, असं त्या स्वतःच म्हणायच्या. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"आधी दार लाव. मग बस. मग ओरड," त्या म्हणाल्या. "नाव?"

"जुसिमारा. काजाइबाची. डॉक्टरकीला नंबर लागलाय. लागला होता." पोरीचा आवाज फाटला. "राखीवातली शेवटची जागा माझी. आज सकाळी आठला यादी लागली, आणि माझ्या नावावर काट मारलेली. कारण काय, तर मी स्वतःच्या हातानं लिहून दिलंय म्हणे, माझा वर्ण पिवळा!"

कोपऱ्यात टंकलेखन करणारी तेल्मा फिसकन हसली. इल्देचींनी तिच्याकडे नुसतं पाहिलं, तशी ती पुन्हा यंत्रात तोंड घालून बसली.

हसण्यासारखं होतंच म्हणा. सरकारच्या कागदावर माणसाचे पाच रंग: गोरा, काळा, पार्दो, पिवळा आणि आदिवासी. यातला पार्दो म्हणजे पुडीच्या कागदाचा रंग. तो शब्द सरकार सोडून कुणी तोंडात घेत नाही, आणि अर्धा देश त्यात मोडतो. पिवळा म्हणजे ज्यांचे आजे-पणजे जपानहून जहाजात बसून आले ते. काळ्यांना आणि पार्दोंना राखीव जागा आहेत, पिवळ्यांना नाहीत. पिवळा लिहिलं की संपलं. चेहरा बघून रंग ठरवणारी समिती तुमचं तोंडसुद्धा बघायला बोलवत नाही.

"प्रवेश किती वाजेपर्यंत?"

"पाच. पाचला खिडकी बंद, आणि जागा यादीतल्या पुढच्या पोरीला." जुसिमारानं अंगठ्यानं बाहेर दाखवलं. "ती बघा, आधीच येऊन बसलीय. मी साडेआठला आले तेव्हाही ती तिथंच होती."

व्हरांड्यातल्या बाकावर एक फिकट, किडकिडीत मुलगी मांडीवर बोचकं घेऊन बसली होती. केसांत लाल धूळ, डोळ्यांत झोप. इल्देचींनी एकदा पाहिलं आणि सोडून दिलं. पुढं दुपारी त्याबद्दल त्यांनी स्वतःला दोन शिव्या घातल्या.

"खरं सांग, पोरी," त्या म्हणाल्या. "चूक झाली असेल तर झाली म्हण. मी फाडून खाणार नाही."

"चूक?" जुसिमारा उभीच राहिली. "माझी आई खाजणात शिंपल्या नि खेकडे काढते. मी अर्ज भरायला निघाले तेव्हा म्हणाली, 'मोरेना लिही गं, म्हणजे सावळी, ऐकायला बरं वाटतं. तुला शाळेत सगळे मोरेनाच म्हणत.' मी म्हटलं, मोरेना हा रंग नाही, ती लोकांनी केलेली दया आहे. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं, काळी. माझा हात थरथरला, बाई. तो शब्द मी विसरेन का? तो कागद माझा नाहीच!"

२

कागद आणायला इल्देचींना दोन मजले चढावे लागले आणि एका कारकुनाशी भांडावं लागलं. पाकिटात दोनच गोष्टी: ओळखपत्राची छायाप्रत आणि वर्णाचं घोषणापत्र. फोटो नाही. 'फोटो बघून आधीच मत बनतं' म्हणून समितीच्या अध्यक्षांनी दोन वर्षांपूर्वीच फोटो बंद केले होते.

घोषणापत्रावर ठळक छापील वळणाची अक्षरं होती: मी स्वतःला पिवळी जाहीर करते. खाली सही. शेजारी लाल शाईत दुसऱ्या हातचा शेरा: 'जपानी?'

जुसिमारा कागदावर वाकली, आणि तिनं सहीवर बोट ठेवलं.

"काय गं? तुझी सही नाही?"

"माझीच आहे," ती हळूच म्हणाली. तेल्माचं यंत्र थांबलं. "पण मी अकरा वर्षांची असतानाची."

इल्देचींनी ओढून छायाप्रत शेजारी ठेवली. ओळखपत्र जुनं, पोर अकरा वर्षांची असताना काढलेलं. त्यावरच्या सहीत जुसिमाराच्या 'ज'ला मोठं गोल वेटोळं आणि शेवटी एक फूल काढलेलं. घोषणापत्रावरही तेच वेटोळं, तेच फूल. मग इल्देचींनी तिला कोऱ्या कागदावर सही करायला लावली. एक तिरकी रेघ, दोन अक्षरं, संपलं. फूलबिल काही नाही.

"म्हणजे ज्यानं हा कागद केला, त्यानं ओळखपत्र समोर ठेवून सही गिरवली," इल्देची म्हणाल्या. "बरं, ओळखपत्रावर फोटो आहे ना तुझा?"

होता. पण कचेरीच्या छायाप्रतीच्या यंत्रातून आलेला. तिथं नाकडोळ्यांच्या जागी नुसता डांबराचा डाग. तेल्मा म्हणाली, "ते यंत्र सगळ्यांनाच काळं करतं. माझ्या गोऱ्यापान आत्याला पण केलं. अख्ख्या बाहियात तेवढं एकच यंत्र आहे जे कुणालाही राखीव जागा देतं."

इल्देचींना हसू आलं, पण त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. "जन्मगाव पेद्रा राशादा? हे तर सेर्तांवात आहे, आतल्या कोरड्या मुलखात. तू खाजणातली ना?"

"आई तेव्हा तिकडं धरणाच्या कामावर स्वयंपाकीण होती. मी तीन महिन्यांची असताना परत आलो. मी तो मुलूख पाहिलेलासुद्धा नाही. कागदावर आहे तेवढंच."

इल्देचींनी घड्याळ पाहिलं. सव्वादहा. पाकिटांच्या कपाटाला तीन किल्ल्या होत्या. खिडकीवरचा कारकून जिलवान, समितीच्या उपाध्यक्ष वकीलबाई नीव्हिया, आणि अध्यक्ष प्राध्यापक अदेर्बाल. या तिघांपैकी एकानं पोरीच्या भवितव्याला चूड लावली होती.

"तू इथून हलायचं नाहीस," त्या जुसिमाराला म्हणाल्या. "आणि व्हरांड्यात कुणाशी भांडायचं नाहीस."

"झालंय आधीच," जुसिमारा म्हणाली. "खिडकीवरच्या माकडाशी. आज नाही, अर्ज द्यायला आले तेव्हाच."

३

जिलवान मक्याची कणसं सोलावीत तसा चिकटवायच्या शिक्क्यांचा पाठचा कागद सोलत बसला होता. सां जुआंवचा सण होऊन दोन आठवडे झाले तरी त्याच्या खिडकीवरच्या रंगीत पताका तशाच लोंबत होत्या.

"त्या खेकडेवालीच्या पोरीचं नाव काढू नका माझ्यापुढं," तो म्हणाला.

"का रे बाबा? काय केलं तिनं तुझं?"

"काय केलं? पाकीट द्यायला आली. मी आपलं गमतीनं म्हटलं, डॉक्टरीण व्हायचंय तर आधी हात धू, खाजणाचा वास येतोय. तर सगळ्या रांगेसमोर म्हणते कशी, 'वास माझ्या हाताला आहे, तो साबणानं जातो. तुझ्या तोंडाचं काय करशील?' चाळीस माणसं हसली! आजतागायत हसतायत."

"म्हणून तिचा कागद बदललास?"

जिलवान उठून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले. "माझी आई सेर्तांवची, मी सेर्तांवचा, म्हणून माझ्यावर डोळा ना तुमचा? आमच्याकडं फिकट माणसाला पिवळा म्हणतात, ते मला ठाऊक असणार म्हणून? अहो, दोना इल्देची, डोकं चालवा. ती पोर माझ्या नाकासमोर अर्धा तास उभी होती. तिला बुडवायचीच असती तर मी सरळ पाकीट हरवलं असतं. पिवळी लिहीन? तिला? आंधळासुद्धा लिहिणार नाही!"

इल्देची जिन्याकडं वळल्या. गडी तोंडाचा घाण होता, पण बोलला ते खोटं वाटत नव्हतं.

वकीलबाई नीव्हियांची खोली वरच्या मजल्यावर, थंडगार. त्यांनी बसा म्हटलं नाही. इल्देची आपण होऊन बसल्या.

"मी या रंगाच्या बाजाराच्या विरुद्ध आहे, हे सगळ्या शहराला माहीत आहे," नीव्हिया म्हणाल्या. "कुलगुरूंनी मला समितीत घेतलं ते माझं तोंड बंद व्हावं म्हणून. माझं काम इतकंच, की काल गुरुवारी दुपारी पाकिटं फोडायची, घोषणापत्रावरचा शब्द बघायचा आणि यादी करायची. शब्द होता पिवळी. मी काट मारली."

"आणि जपानी असं प्रश्नचिन्ह घालून लिहिलंत."

"मग काय लिहू? पिवळा म्हणजे जपानी. दुसरं काय असतं? मला वाटलं, साओ पावलोहून कुणी जपानी पोर आली असेल इथं चूक करायला. आज सकाळी ती व्हरांड्यात बोंबलत होती तेव्हा पाहिली. म्हटलं, वा! राखीव जागांचा किल्ला लढवणाऱ्यांना स्वतःचा रंगही लिहिता येत नाही. वर्तमानपत्रातल्या माझ्या रविवारच्या लेखाला विषय मिळाला."

"ओळखपत्र पाहिलंत?"

"कशाला? ते जिलवानचं काम." नीव्हियांनी सोन्याच्या काड्यांचा चष्मा पुसला. "राग नका मानू, पण तुम्हाला तरी ही खुर्ची कशी मिळाली?"

"परीक्षा देऊन," इल्देची उठल्या. "तेव्हा कुठली आली राखीव जागा? पहिल्या दिवशी दरवानानं मला मागच्या दारानं जायला सांगितलं होतं. झाडूवाल्या तिकडून येतात म्हणाला. तुम्ही त्याच दिवशी रुजू झालात, पुढच्या दारानं. आठवतंय का?"

वकीलबाईंचा चष्मा पुसणारा हात थांबला. इल्देची दार न लावताच निघाल्या. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण डोकं शांत होतं. ही बाई विषारी खरी. पण 'पिवळी' या शब्दाचा दुसरा अर्थ तिच्या बापजन्मात तिच्या कानावर आलेला नव्हता.

४

प्राध्यापक अदेर्बाल मात्र उठून दारापर्यंत आले. पासष्टीचे, निमगोरे, पांढरी दाढी. राखीव जागांसाठी तीस वर्षं लढलेला माणूस. रस्त्यावर लाठ्या खाल्ल्या होत्या त्यांनी. इल्देची त्यांच्या मागून घोषणा देत चालल्या होत्या, तेव्हा दोघेही तरुण होते.

"बसा, बसा. हे चाखून बघा." टेबलावर निळ्या चौकड्याच्या फडक्यानं तोंड बांधलेली बरणी होती. त्यांनी फडकं सोडून चमचाभर मुरंबा पुढं केला. "उंबूचा, सेर्तांवातलं आंबट फळ. एक जुना स्नेही दर वर्षी पाठवतो."

आंबटगोड चव इल्देचींच्या जिभेवर राहिली. "त्या मुलीचं काय करायचं, सर?"

"फार वाईट झालं." त्यांनी मान हलवली. "मी तिला पाहिलेलं नाही, पाकीटही उघडलेलं नाही. तो माझाच नियम आहे. समितीनं माणसाचा चेहरा समोरासमोर बघायचा, कागद नाही. आजीचा रंग विचारायचा नाही. रस्त्यावरचा पोलीस दंडुका घालण्यापूर्वी आजीची चौकशी करतो का?"

हे वाक्य इल्देचींनी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं, आणि शंभरदा टाळ्या वाजवल्या होत्या.

"पण ती म्हणते, तिनं पिवळी लिहिलंच नाही."

"लाज वाटत असेल बिचारीला. सेर्तांवची पोर. तिकडं अशक्त, फिकट लेकराला लहानपणापासून पिवळी, पिवळी म्हणूनच हाक मारतात. तिला वाटलं तोच आपला रंग. प्रामाणिक चूक आहे, दोना इल्देची. तुम्ही तिला फार ताणू नका. पण नियम म्हणजे नियम. आज एकीसाठी वाकवला की उद्या नीव्हियाबाई तो मोडून आपल्या हातात देतील."

त्यांचा आवाज मऊ होता, नेहमीसारखा. इल्देचींनी आभार मानले आणि बाहेर पडल्या. जिन्याच्या चार पायऱ्या उतरल्या आणि कठड्याला धरून उभ्या राहिल्या. काहीतरी टोचत होतं. भाकरीत खडा लागावा तसं, पण कुठल्या घासात ते कळेना.

खाली व्हरांड्यात ती फिकट मुलगी अजून बाकावर होती. तिनं बोचकं सोडलं होतं आणि त्यातून डबा काढत होती. डब्याशेजारी एक बरणी. बरणीच्या तोंडाला फडकं, निळ्या चौकड्यांचं.

इल्देची उरलेल्या पायऱ्या दोन-दोन करून उतरल्या.

५

"काय नाव गं तुझं?"

"आउरिलेनी." मुलीनं घाईनं घास गिळला. "माझा प्रवेश आहे. म्हणजे, झाला तर. ती दुसरी मुलगी गळली ना, तिच्याखाली माझंच नाव, पार्दो म्हणून."

"कुठून आलीस?"

"उम्बुरानाहून. सेर्तांवात आहे."

"लांब आहे की."

"अकरा तास. बसनं पाठ मोडली. पहाटे सहाला उतरले."

इल्देची तिच्या शेजारी बसल्या. "यादी आज सकाळी आठला लागली," त्या सावकाश म्हणाल्या. "तू त्या वेळी इथं होतीस. म्हणजे काल संध्याकाळी सातला बसमध्ये चढलीस. काल संध्याकाळी जागा दुसरीची होती, पोरी. मग तू कशासाठी निघालीस?"

आउरिलेनीला प्रश्नात काही वावगं दिसलं नाही. तिनं तितक्याच सरळपणे उत्तर दिलं. "पाद्रिन्यूंचा फोन आला होता. माझे धर्मबाप. म्हणाले, कागद घेऊन शुक्रवारी सकाळी हजर राहा, जागा रिकामी होईल असं वाटतंय."

"फोन कधी आला?"

"मंगळवारी."

मंगळवार! पाकिटं फुटली गुरुवारी दुपारी. इल्देचींनी बरणीवरच्या फडक्याला बोट लावलं. "आणि हे तुझ्या धर्मबापासाठी आणलंस. बाबा दर वर्षी पाठवतात ते."

मुलीचा चेहरा खुलला. "तुम्ही ओळखता त्यांना?"

"आज सकाळपर्यंत वाटत होतं, ओळखते," इल्देची म्हणाल्या. साडेतीन वाजले होते. "ऐक, साडेचारला माझ्या खोलीत ये. बरणी घेऊन ये."

मग त्यांनी तिघांना निरोप धाडले. जिलवानला सांगितलं, माफी मागायची संधी आहे. वकीलबाईंना कळवलं, लेखाला याहून चांगला विषय मिळेल. आणि प्राध्यापकांना लिहिलं: मुलगी माझ्या खोलीत बसून रडतेय, तुम्ही दोन शब्द सांगितलेत तर ऐकेल.

६

जिलवान आणि नीव्हिया आधी आले आणि एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले. आउरिलेनी दाराबाहेर. इल्देचींनी टेबलासमोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर जुसिमारा, दुसरीवर तेल्मा. तेल्मा तीन आठवड्यांपूर्वीच काविळीतून उठलेली. गाल बसलेले, रंग उतरलेला. तिला इल्देचींनी एवढंच सांगितलं होतं, की मान खाली घालून बस आणि तोंड उघडलंस तर बघ.

प्राध्यापक अदेर्बाल आत आले. त्यांनी खोलीवर नजर फिरवली. जुसिमारावरून ती सरकून गेली. मग त्यांनी एक पाऊल पुढं टाकलं आणि तेल्माच्या डोक्यावर हात ठेवला.

"बाळ, मन घट्ट कर," ते म्हणाले. "एका शब्दानं आयुष्य संपत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दे. तुमची सेर्तांवची माणसं कणखर असतात."

तेल्मानं मान आणखी खाली घातली. मग जुसिमारा हसली. तिच्या हसण्यात आनंदाचा लवलेश नव्हता.

"सर," ती म्हणाली, "तिला कशाला थोपटताय? जागा माझी गेलीय."

अदेर्बालांचा हात तेल्माच्या डोक्यावर तसाच राहिला. त्यांनी मान वळवली, जुसिमाराच्या काळ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या ओठांवरचा रंग गेला.

"जिलवान," इल्देची म्हणाल्या, "ही मुलगी कुठली?"

"काजाइबाची. खाजणातली. सगळ्या रांगेला माहीत आहे. नाकाला माहीत आहे."

"सगळ्या रांगेला माहीत आहे. मग सर, तिला सेर्तांवची कुणी केली? तिच्या बोलण्यात तो मुलूख नाही, अंगावर नाही. तो फक्त एकाच ठिकाणी आहे. तिच्या ओळखपत्राच्या छायाप्रतीवर, जन्मगाव म्हणून. ते पाकिटात होतं. ते तुम्ही तत्त्व म्हणून उघडत नाही."

"मी... कुणीतरी बोललं असेल."

"कोण? जिलवान तिला खेकडेवाली म्हणतो. वकीलबाई तिला जपानी समजत होत्या." इल्देचींनी घोषणापत्र टेबलावर आपटलं. "हा कागद करणाऱ्यानं पोरीची सही ओळखपत्रावरून गिरवली, म्हणून अकराव्या वर्षाचं फूल आलं. गिरवताना जन्मगाव वाचलं. फोटो होता डांबराचा डाग. मग त्यानं विचार केला, सेर्तांवची पोर आपणहून काय चुकेल? कुणाला संशय येणार नाही अशी चूक कुठली? पिवळी! ही चूक जपानी शोधणाऱ्या वकीलबाईंना सुचणार नाही. जिलवानला सुचली असती, पण त्यानं पोरीला पाहिलं होतं, त्यामुळं त्यानं लिहिली नसती. जो तुमच्यासारखा तिकडचा आहे आणि ज्यानं तिचं तोंड कधी पाहिलं नाही, त्यालाच हे जमणार. फोटो बंद करणारे तुम्हीच. स्वतःच्याच नियमानं आंधळे झालात, सर."

"हे सगळे तर्क आहेत," नीव्हिया म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र कोरडा पडला होता. "न्यायालयात टिकणार नाहीत."

"आउरिलेनी!" इल्देचींनी हाक मारली. "आत ये. आणि तुझ्या पाद्रिन्यूंनी तुला मंगळवारी फोनवर काय सांगितलं ते या बाईंना सांग."

मुलगी बरणी छातीशी धरून आत आली. तिला पाहताच प्राध्यापक खुर्चीत बसले. तेल्मानं ती आधीच सोडली होती.

तिनं सांगितलं. नीव्हियांनी तारीख दोनदा विचारली.

"ज्याला कावीळ, त्याला जग पिवळं," इल्देची हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्हालाच म्हणायचे ना लहानपणी पिवळ्या?"

अदेर्बालांनी दाढी मुठीत धरली. बोलले तेव्हा आवाज मऊ राहिलेला नव्हता.

"माती खाणारा पिवळ्या. शाळेत, बाजारात, देवळात. हिच्या आजोबांनी मला घरात घेतलं, जेवू घातलं, शिकायला शहरात धाडलं. त्या घरानं आयुष्यात माझ्याकडं एकच गोष्ट मागितली, पोरीला डॉक्टर कर. दीड गुणानं राहिली, इल्देची! दीड गुण! तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पोरांसाठी दारं फोडली. एकदा, फक्त एकदा—"

"पाद्रिन्यू." आउरिलेनीनं त्यांना मध्येच तोडलं. ती जुसिमाराकडे बघत होती. "तुम्हाला ही सेर्तांवची वाटली होती?"

त्यांची नजर बरणीवरच्या फडक्याकडं गेली.

"पेद्रा राशादाची. आपल्यासारखी. माझ्यासारखीच कुणीतरी, पिवळी म्हणून चिडवलेली, असं समजून तुम्ही तिचा गळा कापलात?"

"तुझ्यासाठी, बाळ."

"माझं नाव घेऊ नका." तिनं बरणी टेबलावर ठेवली. "मी घरी काय सांगू? अकरा तास जायचं आहे मला. एवढा वेळ विचार करून पण काही सुचणार नाही."

ती गेली. तिला कुणी थांबवलं नाही. जुसिमारा अर्धवट उठली आणि पुन्हा बसली.

७

पाच वाजायला बावीस मिनिटं होती.

वकीलबाई नीव्हियांनी पर्स काखेला मारली. "चला. अध्यक्ष बाद, मी उपाध्यक्ष. दोन सदस्य वर बसलेत, तेवढे पुरतात." मग जुसिमाराकडे बोट करून म्हणाल्या, "आभार मानायचे नाहीत. ही पद्धतच मुळात सडकी आहे, हे मी रविवारी लिहिणार आहे, आणि आजची गोष्ट सगळी लिहिणार आहे. पण माझ्या लाल शाईखाली खोटा कागद मी ठेवणार नाही."

"आभार मानायचा विचारच नव्हता," जुसिमारा म्हणाली.

"उत्तम. मग आपलं जमेल."

समितीनं तिच्याकडं पाहायला चार मिनिटं लावली, त्यातली तीन दिवा लावण्यात गेली. तिघांनी हात वर केले. नीव्हियांचा हात सगळ्यांत आधी वर गेला, आणि तो वर करताना त्यांचं तोंड कडू औषध प्यायल्यासारखं झालं होतं.

खिडकीवर जिलवाननं कोरं घोषणापत्र पुढं सरकवलं. जुसिमाराच्या मागं इल्देची उभ्या होत्या. चौदा मिनिटं उरली होती, तरी पोरीनं घाई केली नाही. रिकाम्या जागेवर तिनं पेन टेकवलं आणि एकेक अक्षर दाबून काढलं. काळी. या खेपेला हात हलला नाही. खाली सही केली, एक तिरकी रेघ आणि दोन अक्षरं.

"ओळखपत्राची प्रत?" जिलवाननं खाली मान घालून विचारलं.

"काढ की तुझ्या यंत्रावर," ती म्हणाली. "आणि हात धुऊन काढ."

त्यानं मुकाट्यानं शिक्का मारला.

इल्देची जिन्याखाली परतल्या तेव्हा अदेर्बाल अजून त्याच खुर्चीत होते. समोर बरणी तशीच, फडकंही न सोडलेली. राजीनामा लिहायला त्यांनी कागद मागितला. इल्देचींनी खण उघडला. वर हाताला लागलं ते एक कोरं घोषणापत्र. त्यांनी तेच पालथं करून, कोरी बाजू वर, त्यांच्यापुढं ठेवलं.

त्यांनी कागद उलटला. मी स्वतःला, मग रिकामी जागा, मग जाहीर करतो.

वर कुठंतरी पाचची घंटा झाली आणि जिलवानच्या खिडकीची फळी खाली पडली. इल्देचींनी पर्स उचलली, तेल्माला बरोबर घेतलं आणि दिवा चालू ठेवून निघाल्या. दारातून त्यांनी एकदाच मागं पाहिलं. दुसऱ्यांच्या चेहऱ्यांकडं बघून निवाडे करणारा माणूस त्या रिकाम्या जागेवर पेन धरून बसला होता, आणि त्याला शब्द सापडत नव्हता.